संरक्षक चष्मे, नंबराचे व द्विकेंद्री

कर्मशाळेत काम करताना उडणारे धातूचे कण, शाणचाकाच्या कपच्या, लाकडाचा भुसा, तापलेल्या धातूचे शिंतोडे इत्यादींपासून डोळ्यांचे रक्षण व्हावे व त्याच वेळी कामगाराच्या दृष्टिदोषाचेही निवारण व्हावे, अशा दुहेरी हेतूने बनविलेले चष्मे. दृष्टिदोष नसलेल्या कामगाराला शून्य शक्तीच्या भिंगांचा साधा संरक्षक चष्मा पुरतो. ज्याला दूरचे किंवा जवळचे पाहण्यासाठी नंबर लागतो, त्याच्या बाबतीत संरक्षण व दृष्टी यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ नीट बसला नाही, तर काम स्पष्ट दिसत नाही म्हणून कामगार चष्मा कपाळावर सरकवितो आणि बारीक मापन किंवा अवघड काप चालू असतो नेमक्या त्याच वेळी डोळे उघडे पडतात. कुशल कारागिराचा हात ज्या वयात सर्वांत तयार झालेला असतो, त्याच वयात त्याला चाळिशी लागलेली असते. त्यामुळे हा प्रश्न थोड्या लोकांपुरता मर्यादित नाही.

अशा चष्म्यामागील दोन कल्पना वेगवेगळ्या उगम पावल्या. दूरचे व जवळचे पाहण्यासाठी एकाच चौकटीत दोन शक्तींची अर्धी अर्धी भिंगे बसविण्याची युक्ती बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या नावे सांगितली जाते. १७८४ व १७८५ मधील त्यांच्या पत्रांत तिचा उल्लेख व वर्णन आढळते. कामाच्या जागी डोळ्यांना लागणाऱ्या संरक्षकाचे एक आरंभीचे एकस्व पॉवेल जॉन्सन यांना अमेरिकेत १८८० मध्ये मिळाले. ते भट्टीवरील कामगारांना प्रखर उजेडाचा त्रास होऊ नये यासाठी होते. आघात सोसू शकणारे नंबराचे हलके भिंग सर्रास मिळू लागले, ते मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक उपलब्ध झाल्यावरच.

रोजच्या वापरातील चष्मा : डोळ्यांवर चष्मा आहे म्हणजे डोळे सुरक्षित आहेत, ही समजूत घातक आहे. निकटदृष्टिता असलेल्या, म्हणजे दूरचे अस्पष्ट दिसणाऱ्या व्यक्तीचे भिंग अंतर्गोल असते; ते कडेला जाड व मध्यभागी सर्वांत पातळ असते. हा पातळ भाग बरोबर स्वच्छमंडलासमोर येतो. दूरदृष्टितेच्या बहिर्गोल भिंगाचा मध्य जाड असला, तरी त्याची कड पातळ असल्याने आघात झाल्यावर ते चौकटीतून निसटण्याचा संभव असतो. साध्या चौकटीची खाच उथळ असते आणि समोरून धक्का बसल्यास भिंग मागे, डोळ्याच्या दिशेने, ढकलले जाऊ शकते. काचेचे भिंग फुटले, तर त्याच्या धारदार कपच्या मूळच्या कणाहून अधिक इजा करतात. शिवाय दोन्ही बाजू मोकळ्याच असतात. शेजारच्या यंत्रावरून आलेला कण समोरून येत नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

अमेरिकेत १९७२ पासून रोजच्या चष्म्यांच्या भिंगांनाही आघातरोधाची अट लागू झाली. त्यासाठीच्या नमुना कसोटीत १५.९ मिमी. व्यासाचा व सु. १६ ग्रॅ. वजनाचा पोलादी गोळा १२७ सेंमी. उंचीवरून भिंगावर टाकतात. या गोळ्याची ऊर्जा सु. ०.२ जूल भरते. कर्मशाळेतील भिंगांच्या प्राथमिक कसोटीत तेवढ्याच उंचीवरून २५.४ मिमी. व्यासाचा गोळा टाकतात व त्याची ऊर्जा सु. ०.८ जूल, म्हणजे चौपट असते. नेहमीच्या चष्म्याच्या दुकानातून घेतलेले ‘न फुटणारे’ भिंग बहुधा पहिल्या प्रकारचे असते.

द्रव्ये : चष्म्याच्या क्राउन काचेचा प्रणमनांक १.५२३ व घनता दर घ. सेंमी. ला सु. २.५ ग्रॅ. असते. तिच्यावर सहजी ओरखडे पडत नाहीत व तिच्यातून दिसणारी प्रतिमा उत्तम असते. परंतु ती जड व ठिसूळ आहे. उष्णतेने किंवा रासायनिक रीतीने दृढीकृत केलेली काच बरीच बळकट असली, तरी तिच्या पृष्ठावर ओरखडा पडला की तिचे बळ घटते. शाणकामातील तप्त ठिणग्या काचेवर वितळून चिकटतात व तिला खळगे पडतात. सीआर-३९ या प्लॅस्टिकचे भिंग (प्रणमनांक १.४९८) काचेच्या सुमारे निम्म्या वजनाचे व प्रकाशीय दृष्ट्या चांगले असते; त्याचा आघातरोध साध्या काचेपेक्षा बरा, पण जोरदार आघाताच्या कामांना अपुरा असतो.

पॉलिकार्बोनेटाचा शोध १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे लावला. त्याचा प्रणमनांक १.५८६ व घनता १.२ असल्याने भिंग पातळ व हलके होते. आघात झाल्यास ते फुटण्याऐवजी दबते किंवा वाकते, हा त्याचा मोठा गुण होय. जंबुपार प्रारणही ते जवळजवळ पूर्णपणे अडविते. त्याचे दोष दोन. ते मऊ असल्याने कठीण लेपावाचून त्यावर ओरखडे पडतात. आणि त्यात प्रकाशाचे अपस्करण जास्त होते. अपस्करणाचे मान आबे अंकाने दर्शवितात. हा अंक जितका लहान तितके रंग अधिक फाकतात. तो क्राउन काचेचा व सीआर-३९ चा ५८ ते ५९, तर पॉलिकार्बोनेटाचा सु. ३० आहे. त्यामुळे जास्त नंबर असलेल्या व्यक्तीला भिंगाच्या कडेकडून पाहताना पट्टीवरील रेघांना रंगीत किनार दिसते. अशा व्यक्तीने डोळ्यांऐवजी मान वळवून पाहण्याची सवय लावावी किंवा २००१ मध्ये प्रचारात आलेल्या ट्रायव्हेक्स या द्रव्याचा विचार करावा. त्याचा प्रणमनांक १.५३, आबे अंक ४३ ते ४५ व घनता १.११ असून आघातरोध पॉलिकार्बोनेटाच्या तोडीचा असतो. किंमत मात्र जास्त पडते.

कसोट्या व खुणा : अमेरिकेतील झेड ८७.१ या मानकानुसार जोरदार आघाताच्या दर्जासाठी चष्म्यावर ६.३५ मिमी. व्यासाचा पोलादी गोळा दर सेकंदास ४५.७ मी. वेगाने सोडतात. तसेच ५०० ग्रॅ. वजनाचे टोकदार वजन १२७ सेंमी. वरून टाकतात, याची ऊर्जा सहा जुलांहून अधिक असते. ही कसोटी उतरलेल्या भिंगावर अधिक चिन्ह (+) असते. नंबराच्या भिंगांसाठी असलेल्या चौकटीवर ‘झेड ८७-२’ अशी खूण कोरलेली असते. चौकटीवरील खूण भिंगाविषयी काहीच सांगत नाही. भिंगावर वेगळी खूण पहावी लागते. संरक्षक चौकटीत दुकानदाराने साधे भिंग बसविले असेल, तर चष्मा दिसावयास संरक्षक असतो एवढेच. युरोपात दीर्घकाळ प्रचारात असलेल्या ईएन १६६ या मानकाने कणाच्या वेगानुसार तीन दर्जे ठरविले : दर सेकंदास ४५ मी. (चिन्ह एफ), १२० मी. (चिन्ह बी) व १९० मी. (चिन्ह ए). यांपैकी काड्यांच्या चष्म्याला पहिलाच दर्जा मिळू शकतो. दुसरा बंद गॉगलला व तिसरा चेहऱ्यावरील ढालीलाच मिळतो. भारतात डोळ्यांच्या संरक्षकांसाठी आयएस ५९८३ हे मानक आहे.

या वेगांची यंत्राच्या वेगाशी तुलना करणे उद्बोधक आहे. मिनिटाला २,८५० फेरे करणाऱ्या २०० मिमी. व्यासाच्या शाणचाकाच्या परिघाचा वेग दर सेकंदास सु. ३० मी. असतो. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या १०० मिमी. चकतीच्या हाती ग्राइंडरचा हाच वेग सु. ५८ मी., म्हणजे चष्म्याच्या कसोटीतील वेगाहून अधिक असतो. ठिणगीचा कण कसोटीतील सु. एक ग्रॅ. वजनाच्या गोळ्याहून पुष्कळच हलका असतो, त्यामुळे चष्मा त्याला अडवू शकतो. पण चकतीच फुटली, तर तिचे तुकडे त्या गोळ्याच्या अनेक पट वजनाचे असतात. म्हणून ग्राइंडरवर काम करताना चष्म्यावरून चेहऱ्याची ढालही घ्यावी लागते. चष्म्याऐवजी नुसती ढाल चालत नाही, कारण ती खालून व बाजूंनी उघडी असते आणि वर उचलली की डोळ्यांवर काहीच राहत नाही.

छिन्नी-हातोड्याचे काम यंत्रावरील कामाइतके धोक्याचे वाटत नाही. परंतु पोलादावर पोलाद आपटताना, विशेषतः छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरलेले असताना, उडालेली बारीक कपची नेत्रगोलात शिरल्याची उदाहरणे नेत्रवैद्यांच्या नित्य परिचयाची आहेत. अशा वेळी वेदना फारशी होतेच असे नाही. लोखंडाचा कण आत राहिल्यास काही काळाने त्याच्या क्षारांनी जालपटल निकामी होऊ शकते.

चाळिशी व कामाचे अंतर : जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंग आपली वक्रता वाढविते, या क्रियेला समायोजन म्हणतात. वाढत्या वयाबरोबर हे भिंग ताठर होते. समायोजनाची क्षमता चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास ५ ते ६ डायॉप्टर असते. पन्नाशीत ती २ ते ३.५ वर व साठीनंतर सु. १ डायॉप्टरवर येते. यातील निम्मीच सतत, थकवा न येता वापरता येते. (मराठीत या अवस्थेला व तिच्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला चाळिशी हे एकच नाव आहे.) उणीव भरून काढण्यासाठी दूरच्या नंबरात जी बहिर्गोल शक्ती मिळवावी लागते, तिला वाढ म्हणतात. द्विकेंद्री, म्हणजेच बायफोकल भिंगात वरचा मोठा भाग दूरच्या नंबराचा व खालचा तुकडा ही वाढ मिळविलेला असतो.

डायॉप्टर म्हणजे मीटरमधील अंतराचा व्यस्तांक. पुस्तक सामान्यतः ४० सेंमी. वर धरतात, त्यासाठी १ ÷ ०.४ = २.५ डायॉप्टर शक्ती लागते. नेत्रतपासणीत वाढ ठरविली जाते ती बहुधा याच अंतरासाठी, हातात अक्षरांचा तक्ता देऊन. लेथवरील हत्याराचे टोक मात्र डोळ्यापासून ५० ते ६० सेंमी. आणि फिटरच्या बाकावरील शेगडा ६० ते ७० सेंमी. दूर असतो; यांना अनुक्रमे सु. १.७ ते २ आणि १.४ ते १.७ डायॉप्टर पुरतात. साठीच्या एखाद्या टर्नरला अर्धा डायॉप्टर समायोजन आरामात वापरता येते असे धरल्यास, वाचनासाठी दिलेल्या +२.५ वाढीच्या तुकड्यातून त्याला ३३ ते ४० सेंमी. एवढ्याच पट्ट्यात स्पष्ट दिसते. वरच्या भागातून २ मी. व त्यापलीकडचे दिसते. मधला ४० सेंमी. ते २ मी. हा टापू धूसर राहतो. यंत्र नेमके या टापूत असते. मग तो हनुवटी वर करून व धड पुढे झुकवून तुकडा कामावर आणतो. मान अवघडते आणि चेहरा फिरत्या चकच्या वीस सेंमी. जवळ जातो. हेच भिंग +१.७५ वाढीचे असते, तर तुकड्यातून सु. ४४ ते ५७ सेंमी. पर्यंत दिसले असते : हत्याराचे टोक सरळ उभे राहून, आणि व्हर्निअर कॅलिपर थोडा जवळ आणून. पंचेचाळिशीच्या कामगाराला ही अडचण जाणवत नाही. त्याचे स्वतःचे दोन डायॉप्टर शिल्लक असल्याने +१ वाढीच्या तुकड्यातून १ मी. ते ३३ सेंमी. पर्यंतचा सगळा टापू स्पष्ट दिसतो. म्हणून वाढीची चूक लक्षात येते ती पंचावन्नच्या पुढे, आणि तेव्हा ती वयाच्या माथी मारली जाते.

यास्तव चष्म्याची निवड यंत्रापाशी सुरू व्हावयास हवी. कामगाराने नेहमीच्या पवित्र्यात उभे राहावे व दुसऱ्याने त्याच्या डोळ्यापासून हत्याराच्या टोकापर्यंतचे, मोजपट्टीपर्यंतचे आणि नकाशा टांगलेला असल्यास तेथपर्यंतचे अंतर फितीने मोजावे. ही दोन-तीन मापे चिठ्ठीवर लिहून नेत्रतपासनीसाला दिली, तर तो वाढ बरोबर ठरवू शकतो. अंतरे फारच भिन्न असतील, तर मधल्या पट्ट्यात निम्मी वाढ असलेले त्रिकेंद्री भिंग घ्यावे लागते.

द्विकेंद्री भिंगांचे प्रकार : काचेच्या भिंगात जास्त प्रणमनांकाच्या काचेचा गोल तुकडा वितळवून बसविलेला क्रिप्टॉक हा प्रकार भारतात पूर्वी फार प्रचलित होता. प्लॅस्टिकच्या भिंगात तुकडा त्याच द्रव्यात साच्यातून एकसंध घडविलेला असतो. पॉलिकार्बोनेटाचे संरक्षक द्विकेंद्री भिंग बहुधा याच प्रकारचे, सपाट माथ्याच्या डी आकाराच्या तुकड्याचे असते. या तुकड्याची नेहमीची रुंदी २८ मिमी. असून बहुतेक कामांना ती पुरते. संपूर्ण रुंदीभर आडवी रेघ असलेल्या एक्झिक्युटिव्ह भिंगातून जवळचे क्षेत्र विस्तृत दिसते, पण ते जाड व जड असते. रेघ नसलेल्या, क्रमाने शक्ती वाढत जाणाऱ्या भिंगात मधली अंतरेही मिळतात. तथापि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा विकृत होते व मधला स्पष्ट पट्टा अरुंद असतो. ज्याला कामावर नजर ठेवून बाजूच्या कळा चालवावयाच्या असतात, त्याला ते जाचक होते. सवय असलेल्यांनी ते मुद्दाम टाकण्याचे कारण नाही.

तुकड्याची उंची शक्तीइतकीच महत्त्वाची आहे. सामान्यतः त्याचा माथा खालच्या पापणीच्या कडेशी येतो. बैठे तपासणीकाम करणाऱ्यास तो किंचित वर व सतत ये-जा करणाऱ्यास किंचित खाली हवा. शिडी किंवा जिना उतरताना पाय तुकड्यातून दिसतात. पायरी धूसर तर दिसतेच, शिवाय नजर रेघ ओलांडताना ती जागची उडी मारल्यासारखी भासते. उंचावर काम करणाऱ्याने त्या कामापुरता दूरच्या नंबराचा एककेंद्री संरक्षक चष्मा वापरणे श्रेयस्कर असते. डोक्यावरच्या तारा जोडणारा वीजतंत्री किंवा मोटारीखाली शिरून काम करणारा यांत्रिक यांची गरज उलटी असते. त्यांचे जवळचे काम वरच्या बाजूस असल्याने खालच्याबरोबर वरही तुकडा असलेली व्यावसायिक भिंगे त्यांच्यासाठी बनवितात.

दूरचा नंबर नसलेल्यांना खाली आवर्धक तुकडा असलेले तयार संरक्षक चष्मे +१ ते +३ या दरम्यानच्या शक्तींत मिळतात. ते स्वस्त असतात व दोन्ही डोळ्यांची गरज सारखी असल्यास चांगले काम देतात. अबिंदुकता किंवा दोन डोळ्यांत फरक असल्यास डोके दुखते. दुकानात छापील कागद हातात धरून शक्ती निवडली, तर ती हमखास जास्त येते. यंत्राच्या अंतरावर टांगलेली वस्तू पाहून ती निवडावी.

नंबराच्या चष्म्यावरून घालावयाचे मोठे गॉगल पाहुण्यांसाठी व तात्पुरत्या कामासाठी ठीक आहेत. दिवसभराच्या वापरात चार पृष्ठभागांवरून होणारी परावर्तने, दोन भिंगांमध्ये धरणारे धुके आणि काड्यांवर येणारा दाब यांमुळे ते टिकत नाहीत. रसायने किंवा दाट धूळ असल्यास मात्र बंद गॉगलच हवा. त्यात आतून बसविण्याचा नंबराचा भिंगसंच मिळतो. स्पर्शभिंगे हे संरक्षण नव्हे. ती वापरणाऱ्यालाही वरून संरक्षक चष्मा लागतोच.

वितळजोडकामातील प्रारण स्वच्छ भिंगाने रोखता येत नाही. विद्युत् प्रज्योत जोडकामासाठी सामान्यतः १० ते १३ क्रमांकाची गडद काच शिरस्त्राणात लागते. द्विकेंद्री चष्मा लावून शिरस्त्राणाच्या अरुंद खिडकीतून पाहताना तुकडा खिडकीच्या खाली जातो व सांधा दिसेनासा होतो. यावर उपाय म्हणून कामाच्या अंतराची आवर्धक पट्टी शिरस्त्राणातच, गडद काचेमागे बसवितात व तिच्या आत दूरच्या नंबराचा संरक्षक चष्मा ठेवतात. कारण गाळ खरवडताना शिरस्त्राण वर केलेले असते.

चौकट व मापे : चौकट संरक्षक दर्जाचीच हवी, तिच्या खाचेची मागची कड उंच असल्याने भिंग आत ढकलले जात नाही. बाजूची कवचे पक्की बसविलेली असावीत, काढघाल करता येणारी कवचे लवकरच कपाटात जातात. भुवई व गाल यांपाशी फट राहू नये आणि पापण्या भिंगाला घासू नयेत. दोन बाहुल्यांमधील अंतर दूरसाठी व जवळसाठी वेगवेगळे मोजावे. जवळ पाहताना डोळे आत वळत असल्याने ते काही मिमी. कमी भरते.

कायदा : अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा नियमांनुसार (१९१०.१३३) नंबराचा चष्मा वापरणाऱ्या कामगाराला नंबर अंतर्भूत असलेले किंवा नंबराच्या चष्म्याला धक्का न लावता वरून घालता येणारे संरक्षक मिळेल, हे पाहणे मालकावर बंधनकारक आहे. उडत्या वस्तूंचा धोका असेल तेथे बाजूचे संरक्षणही सक्तीचे आहे. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३५ अन्वये कण उडण्याच्या किंवा तीव्र प्रकाशाच्या कामांत परिणामकारक पडदे अथवा योग्य गॉगल पुरविण्यास भाग पाडणारे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना देण्यात आला. या कलमात कामगाराच्या नंबराचा निराळा उल्लेख नव्हता. परिणामी साठवणीतून सर्वांना एकसारखे साधे गॉगल वाटले की अट पुरी झाली, असे मानण्याची प्रथा पडली. चाळिशीवाल्याला त्यातून माप वाचता येते की नाही, ही चौकशी होत नसे. कारखान्यांच्या सुरक्षेचा हा विषय पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० या कायद्यात घेण्यात आला. एकच डोळा शाबूत असलेल्या कामगाराने तर काम कोणतेही असो, पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सचेच भिंग वापरावे. त्याच्या बाबतीत रोजच्या चष्म्यालाही हाच नियम लावतात.

निगा : पॉलिकार्बोनेटाचे भिंग प्रथम वाहत्या पाण्याखाली धरून धूळ काढावी, मग सौम्य साबणाने धुऊन मऊ कापडाने टिपावे. कोरडे पुसल्यास धातूची पूड कानसीसारखे काम करते. ॲसिटोन, थिनर यांसारख्या विद्रावकांनी भिंगाला बारीक तडे जातात. हात पुसावयाच्या चिंधीला अनेकदा हीच द्रव्ये लागलेली असतात. डी तुकड्याच्या माथ्यावरील बारीक कंगोऱ्यात तेल व कीस साचतो, तो नरम ब्रशाने काढावा. दृष्टिरेषेत ओरखडे आले, कडेशी तडे दिसले किंवा एकदा जोराचा आघात झाला की, भिंग वरून अभंग दिसत असले तरी बदलावे.